उपास धरणे, उपास घडणे आणि उपास न सुटणे : धार्मिक उपवास व आहारविकार यांविषयीच्या लेखनाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

पिंपळगाव रेणुकाई (ता. भोकरदन, जि. जालना) या गावाच्या नावातच रेणुकामाता आहे. आश्विनातील नवरात्र या परिसरात घरोघरी पाळले जाते. कोणी नऊ दिवसांचा कडक उपवास धरतात, कोणी उठता-बसता, म्हणजे पहिल्या व शेवटच्या दिवसाचा. ग्रामीण महाविद्यालयात शिकविणाऱ्या अध्यापकाला या दिवसांत एक दृश्य परिचयाचे असते. सकाळच्या एसटीने आलेली एखादी विद्यार्थिनी दुसऱ्या-तिसऱ्या तासाला भोवळ येऊन बाकावर डोके टेकते आणि शेजारची मैत्रीण हळूच सांगते, "सर, तिला उपास आहे." या उत्तराने आपले समाधान होते. 'उपास' हा शब्द उच्चारला गेला की पुढे काही विचारायचे नसते, असा एक अलिखित संकेत आपल्या समाजात रूढ आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हा संकेत आहे. धार्मिक उपवास आणि आहारविकार यांचा संबंध काय, या प्रश्नावर सर्वाधिक दीर्घ आणि सलग लिखित पुरावा उपलब्ध आहे तो कॅथलिक परंपरेत. तेथे संतस्त्रियांची चरित्रे, त्यांची पत्रे, त्यांच्या पापनिवेदकांच्या नोंदी आणि चर्चचे नियम शतकानुशतके जपले गेले. या सामग्रीवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन महत्त्वाचे ग्रंथ लिहिले गेले. त्या ग्रंथांची भूमिका तपासणे, ती मराठी अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहणे आणि त्यातून आपल्या वर्गातील त्या विद्यार्थिनीकडे पाहण्याची काही दृष्टी मिळते का याचा शोध घेणे, हा या लेखाचा हेतू आहे. लेख वैद्यकीय नाही. उपवास चांगला की वाईट, असा निवाडाही येथे द्यावयाचा नाही.

२. मराठीतील तीन क्रियापदे

चर्चेच्या आरंभी आपल्या भाषेकडे पाहणे उचित ठरेल. मराठीत उपास 'धरला' जातो आणि उपास 'घडतो' किंवा 'पडतो'. पहिल्यात कर्त्याची इच्छा आहे, दुसऱ्यात परिस्थितीची सक्ती आहे. 'उपासमार' या शब्दात ही सक्ती टोकाला जाते. मराठवाड्याला हा भेद शिकविण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्या पिढीने खाल्ली, त्या पिढीला धरलेला उपास आणि पडलेला उपास यांतील अंतर पोटाने ठाऊक आहे.

या दोन क्रियापदांबरोबर तिसरे क्रियापद येते ते म्हणजे उपास 'सोडणे'. धरलेला उपास सोडावयाचा असतो. सोडण्याला तिथी असते, नैवेद्य असतो, पंगत असते. जो उपास सोडावयाचाच नाही, त्याला आपल्या परंपरेने उपास म्हटलेले नाही. त्याला 'प्रायोपवेशन' हे वेगळे नाव आहे. १९६६ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आणि १९८२ साली पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी अन्नत्याग करून देह ठेवला, तेव्हा त्यासाठी हाच शब्द वापरला गेला. भाषेने हा भेद जाणीवपूर्वक राखलेला आहे.

मात्र एका चौथ्या अवस्थेसाठी आपल्याकडे नेमका शब्द नाही. उपास धरला होता, तो सोडण्याचा दिवसही आला, पण आता सोडता येत नाही, ही ती अवस्था होय. "अन्न जात नाही", "अन्नावरची वासना उडाली", "खाल्लेले अंगी लागत नाही" असे वाक्प्रचार आपण वापरतो. त्यांतून वर्णन होते, निदान होत नाही. वैद्यकशास्त्रात ज्याला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणे असा होतो. हे नाव फसवे आहे. या विकारात भूक बहुधा नाहीशी झालेली नसते. तिच्यावर विजय मिळविण्याचा ध्यास लागलेला असतो आणि तो ध्यास पुढे माणसाच्या ताब्यात राहत नाही. ही 'न सुटणाऱ्या उपासा'ची अवस्था लेखाच्या केंद्रस्थानी आहे.

३. बेल आणि बायनम : दोन भूमिका

अमेरिकन इतिहासकार रुडॉल्फ बेल यांचा 'होली अ‍ॅनोरेक्सिया' हा ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. इ. स. १२०० नंतर इटलीच्या भूमीवर होऊन गेलेल्या आणि कॅथलिक चर्चने संत, धन्य, वंदनीय अथवा प्रभुसेविका म्हणून मान्यता दिलेल्या २६१ स्त्रियांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांविषयी माहिती फारच त्रोटक होती. उरलेल्या साधारण १७० स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या चरित्रांत आजच्या आहारविकाराशी जुळणारी लक्षणे आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. बेल यांच्या मते हा पुरुषसत्ताक कुटुंबात व चर्चमध्ये स्वतःच्या अस्तित्वासाठी स्त्रीने केलेला झगडा होता. विवाह, बाळंतपण, आज्ञापालन यांपैकी काहीच तिच्या हाती नव्हते, हाती होता तो केवळ स्वतःचा घास.

दोन वर्षांनी, १९८७ साली, कॅरोलाइन वॉकर बायनम यांचा 'होली फीस्ट अँड होली फास्ट' हा ग्रंथ आला. त्यांचा आक्षेप मूलगामी आहे. चौदाव्या शतकातील स्त्रीच्या आचरणाला विसाव्या शतकातील रोगाचे नाव दिले की तिच्या कृतीचा तिच्या काळातील अर्थ पुसला जातो, असे त्या मांडतात. मध्ययुगीन समाजात अन्न शिजविणे आणि वाढणे हे स्त्रीचे क्षेत्र होते. पैसा वा सत्ता त्यागण्याइतकी तिच्याजवळ नव्हती, त्यामुळे तिने आपल्या ताब्यातील एकमेव गोष्ट त्यागली. शिवाय तिच्या उपवासाच्या दुसऱ्या बाजूला ख्रिस्तप्रसाद होता आणि गरिबांना अन्नदान होते. न खाणे, खाऊ घालणे आणि प्रभूचे शरीर म्हणून भाकर स्वीकारणे अशी ती त्रिपुटी होती.

या दोन्ही ग्रंथांत सिएनाची संत कॅथरिन (१३४७-१३८०) मध्यवर्ती आहे. घरच्यांनी विवाहाचा आग्रह धरला तेव्हा तिने केस कापून टाकले. हळूहळू तिचा आहार भाजीपाला व पाणी यावर आला. पुढे अन्न पोटात ठरेनासे झाले आणि बळे घेतलेला घास ती काडी घशात घालून बाहेर काढू लागली. वयाच्या ३३ व्या वर्षी ती मृत्यू पावली. तिचे पापनिवेदक आणि चरित्रकार कापुआचे रेमंड यांच्या ग्रंथात ही माहिती भक्तिभावाने दिलेली आहे.

४. दोन्ही भूमिकांच्या मर्यादा

बेल यांचे वाचन आकर्षक आहे, परंतु त्यात एक दोष आहे. चरित्रग्रंथ हा रुग्णाचा केसपेपर नव्हे. संतचरित्र लिहिणारा भक्त असतो, तो त्यागाची बाजू ठळक करतो आणि सामान्य जेवणाची नोंद ठेवत नाही. अशा ग्रंथांतून लक्षणे मोजून टक्केवारी काढणे पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने धाडसाचे आहे. मराठी वाचकाला हे सहज पटेल. संतांच्या आख्यायिकांत किती दिवस अन्नपाण्यावाचून काढले याचे आकडे येतात, ते आपण श्रद्धेने ऐकतो, त्यांचा तक्ता करीत नाही.

बायनम यांची भूमिका अधिक सखोल आहे, पण तिचाही एक धोका आहे. अर्थ सापडला की वेदना दिसेनाशी होते. प्रत्येक उपवासाला त्या काळाचा प्रतीकार्थ असतो हे खरे, तथापि प्रतीकार्थ असलेला उपवास शरीराला कमी झिजवतो असे नाही. येथे खुद्द कॅथरिनचे म्हणणे निर्णायक ठरते. तिच्या न खाण्यावर शंका घेणाऱ्या एका धर्मपुरुषाला लिहिलेल्या पत्रात ती आपल्या या अवस्थेला सद्गुण म्हणत नाही. ती तिला दुखणे मानते, दिवसातून एक-दोन वेळा अन्न घेण्याचा प्रयत्न करते असे सांगते आणि इतरांसारखे खाता यावे यासाठी प्रार्थना करीत असल्याचेही कळविते. म्हणजे आपला उपास सुटत नाही हे तिला कळले होते. चौदाव्या शतकातील या स्त्रीजवळ आधुनिक संज्ञा नव्हती, पण भेद करण्याची शक्ती होती. बेल तिला रुग्ण ठरवितात, बायनम तिला अर्थनिर्मिती करणारी ठरवितात. या पत्रातील थकलेली, मदत मागणारी स्त्री मात्र दोन्ही विवेचनांच्या कडेला राहते. या अभ्यासांवरील माझा मुख्य आक्षेप हा आहे.

५. कॅथलिक परंपरेतील मर्यादेचा विचार

कॅथरिनचे उदाहरण पाहून कॅथलिक धर्मच आहारविकाराला खतपाणी घालतो, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. या परंपरेने उपवासाला आरंभापासून सीमा घातलेली दिसते. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू रानात ४० दिवस उपवास करतो, आणि त्यानंतर त्याला भूक लागली, असे तेथे स्पष्ट नमूद आहे. शेवटी देवदूत येऊन त्याची सेवा करतात. आदर्श उपवासातही भूक नाकारलेली नाही आणि उपवासाला शेवट आहे.

इग्नाती लोयोला यांचे आत्मकथन या संदर्भात बोलके आहे. १५२२-२३ च्या सुमारास मानरेसा येथे मनाची तळमळ शमेना म्हणून त्यांनी अन्न सोडले. आठवडाभराने पापनिवेदकाने उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती पाळली. पुढे येशूसंघाचे प्रमुख झाल्यावर १५४८ साली फ्रान्सिस बोर्जिया यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उपवास कमी करण्याचा व पोटाची शक्ती राखण्याचा सल्ला दिला. स्वतःच्या अतिरेकाने पोळलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ सालच्या आपल्या भक्तिमार्गावरील ग्रंथात हाच विचार सर्वसामान्य संसारी माणसासाठी मांडला. तारुण्यातील अतिरेकी उपवासाने माणूस पुढे निकामी होतो, कष्टाचे काम हीही तपश्चर्याच आहे, आणि पुढे वाढलेले निमूटपणे खाणे हे मुद्दाम वाईट तेवढे निवडून खाण्यापेक्षा श्रेष्ठ आहे, असा त्यांचा आशय आहे.

आजचा चर्चचा नियमही मर्यादित आहे. पोप सहावे पॉल यांच्या १९६६ सालच्या आदेशाने आणि १९८३ च्या धर्मविधिसंहितेने उपवासाचे बंधन राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवसांवर आणले. त्या दिवशीही एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा अल्पाहार चालतो. हे बंधन १८ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते आणि साठावे वर्ष लागताच संपते. धर्मगुरू योग्य कारणासाठी सूट देऊ शकतात.

तरीही एक अडचण उरते. त्याच शुभवर्तमानात उपवास गुप्तपणे करावा, तोंड धुऊन व डोक्याला तेल लावून, लोकांना कळू न देता करावा, असा उपदेश आहे. दिखाऊपणावरील हा उपाय नैतिकदृष्ट्या उदात्त आहे. परंतु आहारविकाराचा स्वभावच लपविण्याचा असतो, आणि ज्या मुलीला आपले न खाणे लपवावयाचे आहे तिला या उपदेशात सोयीचा आडोसा मिळू शकतो. म्हणूनच परंपरेने गुप्ततेच्या जोडीला मार्गदर्शकाची योजना केली. उपवास लोकांपासून लपवावा, पण गुरूपासून लपवू नये. ही जोडी तुटली, गुप्तता राहिली आणि मार्गदर्शक गेला, की धोका सुरू होतो.

६. गोव्यापासून घोगरगावपर्यंत

हा विचार मराठी भूमीत कसा आला हे पाहणे आवश्यक आहे. इग्नाती यांच्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी होता. त्यांच्या घरांत एकादशीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. अशा श्रोत्यांपुढे ख्रिस्ताचे चरित्र मराठी पुराणाच्या घाटात मांडताना स्टीफन्स यांनी भाषा व छंद यांचा स्वीकार केला. शासनाने मात्र दुसरा मार्ग धरला. गोव्यातील इन्क्विझिशनच्या १७३६ सालच्या आज्ञापत्रात ज्या रूढींना मनाई करण्यात आली, त्यांत एकादशीचा उपवासही होता. ख्रिस्ती पद्धतीच्या उपवासाला अर्थातच मोकळीक होती. अ. का. प्रियोळकर यांच्या 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१) या ग्रंथामुळे हे आज्ञापत्र अभ्यासकांना परिचित झाले. येथे उपवास ही धर्माची ओळखखूण बनली. कोणत्या तिथीला उपाशी राहावे यावर शासनाचे लक्ष होते, उपाशी राहणाऱ्याच्या शरीरावर नव्हते. दुर्दैवाने ही दृष्टी केवळ त्या काळापुरती अथवा एका धर्मापुरती मर्यादित राहिली नाही.

आपल्या शेजारी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात घोगरगाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव धारण करणाऱ्या संघाचे फ्रेंच मिशनरी आले आणि मराठवाड्यातील कॅथलिक समाजाचा पाया घातला गेला. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. या समाजातील बहुतेक कुटुंबे शेतमजुरी करणारी, कोरडवाहू पट्ट्यातील. त्यांच्यासमोर आलेला आश्रयदाता संत हा संयत उपवासाचा पुरस्कर्ता होता, ही लक्षणीय बाब आहे. ज्यांना उपास वरचेवर घडतच होता, त्यांच्यासाठी कष्टालाच तपश्चर्या मानणारा विचार अधिक सुसंगत होता.

त्याच वैजापूर तालुक्यात शिऊर आहे, संत बहिणाबाईंचे गाव. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे १६२८ मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत पतीने केलेली मारहाण, त्या वेळी गाय-वासराने सोडलेला चारा, वासराचा मृत्यू आणि त्यानंतर स्वतःला आलेली मूर्च्छा यांचे वर्णन केले आहे. बेल यांची फूटपट्टी येथे लावली तर लक्षणे सापडतील, पण वाचन चुकेल. येथे अन्न सोडणे ही दुःखाची भाषा आहे आणि ती मुक्या जनावरालाही कळते. आपल्या घरांत रुसलेल्या सुनेने अन्नपाणी सोडणे हाही अशाच भाषेचा भाग होता. बायनम यांची दृष्टी या अभंगांना अधिक न्याय देते. मात्र ज्या घरात स्त्रीला बोलण्यासाठी उपाशी राहावे लागते, त्या घराविषयीचा प्रश्न त्या दृष्टीनेही सुटत नाही.

मराठी ख्रिस्ती लेखिकांच्या आत्मकथनांत (या लेखिका प्रॉटेस्टंट होत्या हे ध्यानात ठेवून) आणखी दोन बाजू दिसतात. पंडिता रमाबाईंनी १९०७ सालच्या आपल्या साक्षीत दुष्काळातील कुटुंबाची वाताहत सांगितली आहे. देवतांना प्रसन्न करण्यासाठी व्रते-उपवास व दानधर्म चालू असताना घरातील द्रव्य संपले, पुढे पाने आणि पाणी यावर दिवस काढावे लागले आणि थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. धरलेला उपास घडलेल्या उपासात केव्हा विलीन झाला, ते या कथनात कळूनही येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांचे सोवळे येते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन शुद्ध करून घेण्याच्या त्यांच्या हट्टापायी घरातील बायकामुलांचे खाणे हाच एक जाच होऊन बसतो. लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात, म्हणून आपण हसतो. अन्नाविषयीचे भय धर्माच्या भाषेत बोलू लागले की संपूर्ण घराचा आहार कसा विकृत होतो, याचे मराठीतील हे अत्यंत जिवंत चित्र आहे, आणि समीक्षेने ते केवळ विनोद म्हणून वाचलेले आहे.

७. व्रतशास्त्रातील सुटकेची दारे

हिंदू व्रतशास्त्रातही मर्यादेचा विचार तितकाच सूक्ष्म आहे. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचे विस्तृत विवेचन आले आहे. व्रताला संकल्प असतो, पारणे असते, उद्यापन असते. एकादशीचे बंधन आठ वर्षांवरील व ८० वर्षांखालील व्यक्तीला सांगितले आहे. संपूर्ण उपवास जमत नसेल तर एकभुक्त, नक्त असे सौम्य पर्याय आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही असे शास्त्र सांगते, त्यांत पाणी, मुळे, फळे, दूध यांच्या बरोबरीने गुरूचे वचन आणि औषध यांचा समावेश आहे. 'उपवास मोडेल' या भीतीने गोळी न घेणारी स्त्री शास्त्रापेक्षाही कडक शास्त्र पाळत असते.

कॅथलिक पापनिवेदकाची आज्ञा आणि व्रतशास्त्रातील गुरुवचन यांतील साम्य उघड आहे. परंतु या साम्यात एक उणीवही सामाईक आहे. सुटकेच्या दाराची किल्ली दोन्हीकडे पुरुषाच्या हाती आहे. एकीकडे धर्मगुरू आहे, दुसरीकडे गुरू आणि विवाहित स्त्रीच्या बाबतीत पतीची अनुमती आहे. ज्या अधिकाराविरुद्ध स्त्रीने उपास धरला, त्याच अधिकाराने तिला 'खा' म्हणावे, अशी ही विसंगती आहे. इग्नातींनी आज्ञा पाळली. कॅथरिनला मात्र पापनिवेदकाच्या सांगण्यानेही खाता आले नाही. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, विशिष्ट टप्प्यानंतर गुरुवचन पुरेसे नसते, शास्त्राने शेजारीच ठेवलेले 'औषध' आवश्यक ठरते. दोन, स्त्रीच्या हाती घासाखेरीज दुसरे निर्णय नसतील, तर ती घास सहजासहजी सोडणार नाही, म्हणजेच उपास सोडणार नाही.

८. आजचा धोका

आहारविकार हा पाश्चात्त्य, शहरी, सडपातळपणाच्या वेडाचा रोग आहे, असा एक समज आपल्या प्राध्यापकवर्गातही आहे. १९९५ साली खंडेलवाल, शरण व सक्सेना या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या लेखातील रुग्णांत लठ्ठपणाची भीती व शरीरप्रतिमेचा विपर्यास ही पाश्चात्त्य ग्रंथांतील लक्षणे ठळक नव्हती. याचा अर्थ असा की आपल्याकडील मुलीला "तुला जाड होण्याची भीती वाटते का?" असे विचारले तर ती प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, आणि प्रश्न विचारणारा निश्चिंत होईल. तिचे न खाणे दुसऱ्या भाषेत बोलत असेल. ती भाषा पोट दुखण्याची असू शकते, तशीच व्रताचीही असू शकते.

येथे 'शेवट असलेला उपवास निरोगी' या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. आपल्याकडील प्रत्येक उपवासाला शेवट आहेच. सोमवार मंगळवारी सुटतो, एकादशी द्वादशीला सुटते. परंतु सोमवार, चतुर्थी, गुरुवार, एकादशी, सोळा सोमवार, मार्गशीर्षातील गुरुवार, नवरात्र असे दुवे जोडत गेल्यास एक अशी साखळी तयार होते की तिचा प्रत्येक दुवा सुटतो, पण साखळी सुटत नाही. नवे व्रत देवीसाठी धरले आहे की जुने सुटू नये म्हणून, हे तेव्हा तपासावे लागते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हणही केवळ थट्टेची मानू नये. दिवसभर दडपलेली भूक, मग एकदम पोटभर साबुदाणा आणि शेंगदाणे, त्यानंतरचा अपराधभाव आणि पुन्हा उपवास, हे चक्र आहारविकाराच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे.

त्यात आपल्या मुलींची मूळ प्रकृती लक्षात घ्यावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. देशपातळीवर हे प्रमाण ५७ टक्के होते. घरातील पुरुषांची जेवणे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या मुलीने उपवास धरला, तर ती ताटातले सोडते की आधीच न मिळालेल्याला धर्माचे नाव देते, हा प्रश्न बेल आणि बायनम यांच्या युरोपीय सामग्रीत या स्वरूपात उपस्थित होत नाही. आपल्याकडे तो टाळता येणार नाही.

९. समारोप

वरील विवेचनातून धार्मिक उपवासाविषयीचे लेखन, आणि उपवास करणारी व्यक्ती, यांच्याकडे पाहण्यासाठी चार प्रश्न हाती येतात. या उपवासाला ठरलेला शेवट आहे का? औषधाने किंवा वडीलधाऱ्याच्या शब्दाने तो सुटू शकतो का? सुटताना आनंद होतो की भीती वाटते? आणि सोडण्याइतके अन्न ताटात मुळात होते का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कॅथलिक व हिंदू या दोन्ही परंपरांनी आपापल्या परीने दिलेली आहेत. तिसरा प्रश्न कॅथरिनने स्वतःच्या पत्रात स्वतःला विचारला होता. चौथा प्रश्न मराठवाड्याच्या मातीतला आहे.

उपवासाला रोग ठरविण्याची घाई आणि उपवासाला प्रश्नातीत मानण्याचा संकोच, ही दोन्ही टोके अध्यापकाने टाळावीत. श्रद्धेची चेष्टा केली तर विद्यार्थिनी आपल्याशी बोलणे बंद करील, आणि श्रद्धेपुढे गप्प बसलो तर तिला एकटे टाकल्यासारखे होईल. वसतिगृहाच्या भोजनगृहात उपवासाच्या दिवशी केवळ साबुदाण्याऐवजी दूध, ताक, फळे, राजगिरा मिळण्याची व्यवस्था करणे, वर्षातून एकदा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घेणे आणि सतत वजन घटत असलेल्या मुलीला वेळीच त्यांच्याकडे नेणे, एवढे तर कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे.

याहून सोपी आणि महत्त्वाची गोष्ट एका प्रश्नाची आहे. मराठी घरात उपवास करणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला जातो : "उपास कधी सोडणार?" या प्रश्नात श्रद्धेचा अनादर नाही, निदानाचा आव नाही, आणि पंगतीला बोलावण्याचे अगत्य आहे. बाकावर डोके टेकलेल्या विद्यार्थिनीला तो आपण विचारला पाहिजे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबले पाहिजे. तिने दिवस सांगितला, तर त्या दिवशी आठवणीने चौकशी करावी. तिला दिवस सांगता आला नाही, तर आपले काम तेथून सुरू होते.